रिसेप्टर जळत नाहीत, काकू

परळला रुग्णालयांच्या गल्लीत माझं औषधाचं दुकान आहे. मानसोपचाराच्या ओपीडीतून आलेल्या चिठ्ठ्या आमच्याकडे रोजच्याच. मागच्या महिन्यात नेहमीच्या एक काकू आल्या. त्यांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. सव्वीस वर्षांचा, चार वर्षं गोळ्यांवर, आता बरा, एका गोदामात कामाला जातो. काकू दर महिन्याला तीस गोळ्या नेतात. त्या दिवशी म्हणाल्या, "दादा, या वेळी पंधराच द्या. एक दिवसाआड देणारेय."

कारण विचारलं तर पिशवीतून एक कागद काढला. भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला होता. 'या आजारात मेंदूतले रिसेप्टर खराब होतात आणि गोळ्यांनी उरलेलेही जळतात.' रिसेप्टर या शब्दाखाली पेनाने दोन रेघा. "हे काय असतं हो? आणि जळलं तर परत येतं का?"

मागे चारपाच गिऱ्हाइकं उभी होती, त्यामुळे मी जे सांगितलं ते अर्धवटच राहिलं. उरलेलं इथे लिहितो. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. डोस ठरवणं माझं काम नाही, पण गोळी पोटात गेल्यावर पुढे कुठे जाऊन बसते एवढं आम्हाला शिकवलेलं असतं.

दारं आणि प्रवासी

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि बहुतेक ठिकाणी त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये एक फट असते, इतकी बारीक की एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला जेमतेम एक. निरोप पोचवायचा तर पहिली पेशी या फटीत एखादं रसायन सोडते. दुसऱ्या पेशीच्या अंगावर प्रथिनांचे रेणू त्या रसायनाची वाट बघत असतात. तेच रिसेप्टर. मराठी पुस्तकांत 'ग्राही' म्हणतात.

पुस्तकं कुलूप-किल्लीची उपमा देतात. मुंबईकराला लोकल जास्त कळते. फट म्हणजे फलाट, रसायन म्हणजे प्रवासी, रिसेप्टर म्हणजे गाडीची दारं. उपमा थोडी लंगडी आहे, कारण हा प्रवासी खरं तर आत शिरत नाही. दारातल्या दांड्याला हात लावतो, आत घंटी वाजते, मग तो पुन्हा फलाटावर येतो आणि पहिली पेशी त्याला परत ओढून घेते. तरी काम भागेल.

प्रत्येक रसायनाची दारं वेगळी. एकट्या डोपामिनसाठी पाच प्रकारची, डी-१ ते डी-५. आपलं लक्ष डी-२ वर. दारांची संख्याही कायमची ठरलेली नसते. पेशी गरजेप्रमाणे नवी दारं बनवते, जुनी आत ओढून घेते, मोडीत काढते. निरोगी मेंदूतही हे सतत चालू असतं. त्यामुळे 'जळलं' हा शब्दच इथे लागू पडत नाही.

डोपामिन म्हणजे मागून मारलेली हाक

डोपामिन हे 'आनंदाचं रसायन' असं सगळीकडे वाचायला मिळतं. मला ते फारसं पटत नाही. संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर उभे राहा. शेकडो चेहरे, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, उद्घोषणा, कुणाचा तरी खोकला. मेंदू यातलं जवळजवळ सगळं गाळून टाकतो. तेवढ्यात मागून कुणीतरी आपलं नाव घेतं आणि मान आपोआप वळते. 'इकडे बघ, हे तुझ्या कामाचं आहे' असं मेंदूला सांगणं, हे डोपामिनच्या मोठ्या कामांपैकी एक.

आता ही हाक कारण नसताना, दर मिनिटाला यायला लागली तर? समोरच्याचा खोकला माझ्यासाठी होता. 'पुढील स्थानक' हे मलाच उद्देशून बोलले. लाल शर्टवाली तीन माणसं एकापाठोपाठ गेली, हा योगायोग नाही. या सगळ्याचा अर्थ लावायचा तर मन गोष्ट रचणारच: माझ्यावर पाळत आहे. डॉक्टर ज्याला भ्रम म्हणतात तो असा तयार होत असावा, ही मांडणी शितिज कपूर या मानसोपचारतज्ज्ञांनी २००३ साली केली. काउंटरवर आईवडिलांकडून ऐकलेल्या कहाण्यांशी ती मला सगळ्यात जवळची वाटते. (जाता जाता: स्किझोफ्रेनिया म्हणजे दुहेरी व्यक्तिमत्त्व नव्हे. 'छिन्नमनस्कता' या मराठी नावाने हा गैरसमज आणखी पक्का केलाय.)

सर्पगंधा, परळ आणि स्वीडनचे ससे

पण डोपामिनवर संशय आला कसा? याची एक वाट थेट आमच्या परळमधून जाते, म्हणून जरा रेंगाळतो.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे झोपेसाठी आणि 'वेडावर' पूर्वापार दिली जायची. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेड आणि रक्तदाब दोन्हींवर चालते असं लिहिलं. पुढे १९४९ मध्ये इथल्याच केईएम रुग्णालयाशी निगडित असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिची चाचणी करून ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५४ पर्यंत अमेरिकेत नेथन क्लाइन ते मानसिक रुग्णांना देत होते आणि आरडाओरडा करणारे वॉर्ड शांत होत होते. डॉ. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. ससे जागच्या जागी थिजले, कान खाली पडले. मग त्यांना एल-डोपा दिलं, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं तो कच्चा माल. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. रेसर्पिनने मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा केला होता आणि एल-डोपाने तो परत भरला. याच कामाच्या धाग्यावरून पुढे २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं.

दुसरीकडे पॅरिसमध्ये १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन नावाचं औषध भास-भ्रम कमी करत होतं, पण ते साठ्याला हात लावत नव्हतं. कार्लसन यांनी १९६३ मध्ये सुचवलं की ते दारं अडवत असावं. रेसर्पिन फलाटावरचे प्रवासीच हटवतं. क्लोरप्रोमाझिन प्रवाशांना तिथेच ठेवून गाडीची दारं अडवतं. परिणाम सारखाच, म्हणजे संशयित एकच.

दारात उभा राहणारा माणूस

विरार लोकलच्या दारात उभा राहणारा तो माणूस सगळ्यांना माहीत आहे. स्वतः आत जात नाही, दुसऱ्याला जाऊ देत नाही. भास-भ्रमावरची जवळजवळ सगळी औषधं डी-२ च्या दारात नेमकं हेच करतात.

माझ्या ड्रॉवरमध्ये याचा पुरावा पडलेला आहे. हॅलोपेरिडॉलची गोळी ५ मिलिग्रॅमची आणि क्लोरप्रोमाझिनची १०० ची, तरी दोन्ही एकाच कामाच्या. असं का? १९७५-७६ मध्ये टोरांटोत फिलिप सीमन आणि बाल्टिमोरमध्ये सॉलोमन स्नायडर यांच्या गटांनी दाखवलं की जे औषध डी-२ ला जितकं घट्ट चिकटतं तितका त्याचा डोस कमी लागतो. हॅलोपेरिडॉल दांडा घट्ट धरतं, क्लोरप्रोमाझिनची पकड सैल. सैल पकडीची माणसं जास्त लागतात, एवढंच.

पुढे पेट (PET) नावाच्या स्कॅनने जिवंत माणसाच्या मेंदूत किती दारं अडली आहेत हे मोजता आलं. साधारण ६५ टक्के अडली की भास-भ्रमाला उतार पडू लागतो. ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की हातपाय कडक होणं, थरथर, चेहरा निर्विकार होणं सुरू होतं. दोन आकड्यांमधली जागा किती अरुंद आहे बघा. डॉक्टर डोस 'बसवायला' दोन महिने घेतात तेव्हा या जागेत गाडी उभी करायची असते.

कडकपणा येतो कारण डी-२ ची दारं एकाच लाइनवर नसतात. भास-भ्रमाशी संबंधित भाग पश्चिम रेल्वे धरा, हालचालीचा भाग मध्य रेल्वे, आणि प्रोलॅक्टिन नावाच्या हार्मोनला आवर घालणारा हार्बर. गोळी तिन्हीकडे दारात उभी राहते. म्हणून सोबत कडकपणाची वेगळी गोळी लिहिलेली असते. म्हणूनच काही बायकांची पाळी थांबते किंवा बाळ नसताना दूध येतं. दुकानात हे विचारायला त्या गर्दी ओसरायची वाट बघतात आणि बऱ्याचदा न विचारताच जातात. हे डॉक्टरांना सांगायचं असतं. त्यावर उपाय आहेत.

मग या आजारात दारं जास्त असतात का?

इथे गोष्ट सरळ राहत नाही. दारं अडवून बरं वाटतं, म्हणजे मुळात दारंच जास्त असणार, असा तर्क होता. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत डी-२ खरोखर वाढलेले दिसले. पण ते बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षं औषधांवर होते, आणि औषधानेच दारं वाढू शकतात. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने कधीच औषध न घेतलेल्या रुग्णांत वाढ दाखवली. स्टॉकहोमच्या गटाला ती दिसली नाही. पुढची सगळी मोजमापं एकत्र केल्यावर निघालं ते एवढंच, की दारांमध्ये फरक असलाच तर किरकोळ आहे.

मोठा आणि पुन्हा पुन्हा सापडलेला फरक दाराच्या अलीकडे आहे. पहिली पेशी डोपामिन जास्त बनवते आणि जास्त सोडते. गाडी तीच, दारं तेवढीच, पण जिन्यावरून फलाटावर लोंढा सुटलेला. पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांत सारखी दिसणारी 'एमडी', म्हणजे मेफेड्रोन, हाच लोंढा कृत्रिमपणे सोडते. म्हणून ती घेतलेल्या काही पोरांना आजार नसतानाही कुणीतरी मागावर असल्याचं वाटू लागतं.

काकूंच्या कागदावरच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग इथेच पडतो. मुलाचे डी-२ रिसेप्टर खराब झाले आहेत, याला आधार नाही. त्यांच्यासमोर येणारी गर्दी बिघडली आहे.

पण सगळ्यांचं सारखंही नसतं. मेलबर्नच्या संशोधकांना मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंपैकी साधारण चौथ्या भागात एक वेगळाच, डोपामिनचा नसलेला रिसेप्टर, मस्करिनिक एम-१, खूप घटलेला दिसला. काही रुग्णांना डी-२ अडवणारी औषधं लागूच पडत नाहीत. त्यांतल्या अनेकांना क्लोझापिन लागू पडतं, आणि गंमत म्हणजे ते डी-२ ला फार सैल धरतं. त्यावर पांढऱ्या पेशी अचानक घटण्याचा धोका असतो. म्हणून सुरुवातीचे महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. तपासणीचा कागद नसेल तर आम्ही गोळी देत नाही. यावरून काउंटरवर भांडणं होतात, होऊ देत. स्किझोफ्रेनिया हे एका आजाराचं नाव आहे की पाचसहा आजारांवर लावलेली एकच पाटी, हा प्रश्न अजून उघडा आहे.

"म्हणजे गोळ्यांनीच मेंदू बदलतो. मग बंद करा!"

भाच्याच्या मजकुरात खरा अंश आहे तो एवढाच, आणि तो लपवून उपयोग नाही. दारं सतत अडलेली राहिली की पेशीला वाटतं, निरोप कमी येतोय. ती दारं वाढवते. बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांची होते. प्राण्यांमध्ये हे स्पष्ट दिसलंय. माणसांतही पुरावे आहेत, पण किती जणांत आणि किती प्रमाणात यावर तज्ज्ञांत वाद आहे. वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्या काहींना तोंड-जीभ आपोआप हलण्याचा त्रास होतो, त्यामागे हे एक कारण मानलं जातं.

पण यातून गोळ्या बंद करा असा निष्कर्ष निघत नाही, उलट निघतो. जिन्यावरचा लोंढा तसाच आहे, दारं वाढलेली आहेत, आणि एका सकाळी दारात उभी असलेली सगळी माणसं एकदम निघून गेली. पुढचं सांगायला नको. औषध अचानक तोडल्यावर कधीकधी आजार पूर्वीपेक्षा जोरात उसळतो तो यामुळे.

डोस कमी करताना आणखी एक गणित आडवं येतं. डोस निम्मा केला म्हणून निम्मी दारं मोकळी होत नाहीत. मोठ्या डोसवर बहुतेक दारं आधीच अडलेली असतात, त्यामुळे सुरुवातीला गोळी कमी केली तरी फार कमी दारं उघडतात. आईला वाटतं, बघा, काही झालं नाही. शेवटचा छोटा तुकडा काढला की धडाधड उघडतात. म्हणून डॉक्टर कमी करतात तेव्हा महिनोन्महिने, आणि शेवटी शेवटी अगदी चिमूटभर. रोजची गोळी आपल्या मनाने एक दिवसाआड देणंही धोक्याचं. औषध लवकर उतरणारं असेल तर आज दारं अडलेली, उद्या बरीचशी मोकळी, परवा पुन्हा अडलेली.

"एवढं माहीत आहे तर तपासणी करून का नाही सांगत?"

रिसेप्टर रक्तात मोजता येत नाहीत. पेट स्कॅनमध्ये दिसतात, पण ते संशोधनापुरतं. फरक हा शेकडो लोकांच्या सरासरीत दिसतो. समोरच्या एका माणसाचा आकडा निरोगी माणसासारखाही येऊ शकतो. 'मेंदूतल्या केमिकलची पूर्ण तपासणी' असं पॅकेज कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. निदान आजही बोलून, ऐकून, बघूनच होतं.

एक अपवाद मात्र सांगण्यासारखा आहे. २००७ मध्ये जोसेप डालमाउ यांच्या गटाने एक आजार ओळखला, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच एनएमडीए नावाच्या रिसेप्टरवर उलटते. अँटिबॉडी चिकटली की पेशी तो रिसेप्टर आत ओढून घेते. बहुतेकदा तरुण मुली. आठवड्याभरात भ्रम, बडबड, मग झटके, बोलणं बंद. काहींच्या बीजकोशात गाठ सापडते. पाठीच्या पाण्याच्या तपासणीत ही अँटिबॉडी दिसते. गाठ काढली, अँटिबॉडी हटवली की रिसेप्टर हळूहळू परत येतात आणि बऱ्याच मुली पूर्ण बऱ्या होतात. भ्रमासोबत ताप, झटके किंवा शरीर ताठ होणं आलं, की डॉक्टर मेंदूज्वराच्या दिशेनेही बघतात ते यासाठी. घरात 'बाहेरचं झालंय' म्हणून उताऱ्यात घालवलेला पंधरवडा इथे फार महाग पडतो.

डिप्रेशनबद्दल दोनच ओळी. 'सेरोटोनिन कमी पडतं' हे सोपं वाक्य पुराव्यावर टिकलेलं नाही. २०२२ च्या एका मोठ्या आढाव्याने तेच म्हटलं आणि खूप गाजलं. पण त्यावरून औषधं निरुपयोगी ठरत नाहीत. क्रोसिनने डोकं दुखायचं थांबतं म्हणून डोकेदुखी क्रोसिनच्या कमतरतेने होते असं कुणी म्हणत नाही. बायपोलरमधलं लिथियम तर दारं अडवण्याच्या वाटेने जातच नाही, ते पेशीच्या आतल्या यंत्रणेवर काम करतं.

गर्दी जिन्यावरच अडवणारी गोळी

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम या जोडगोळीला मंजुरी मिळाली आणि रिसेप्टर हा शब्द पुन्हा बातम्यांत आला. सत्तर वर्षांत डी-२ च्या दारात उभं न राहणारं स्किझोफ्रेनियाचं हे पहिलंच मंजूर औषध. ते मस्करिनिक रिसेप्टरना, मुख्यतः एम-१ आणि एम-४ ला, चालना देतं. त्यातून डोपामिनचा लोंढा अलीकडेच आवरला जातो, असं मानतात.

याची कुळकथा मजेशीर आहे. झॅनोमेलिन १९९० च्या दशकात अल्झायमरसाठी तपासलं जात होतं. रुग्णांचे भास कमी झाल्याचं दिसलं, पण पोटाने इतका त्रास दिला की ते बाजूला पडलं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की लघवीच्या तक्रारीवरचं ट्रॉस्पियम सोबत द्यावं. ते मेंदूत जवळजवळ शिरत नाही, त्यामुळे पोटातला परिणाम रोखतं आणि मेंदूतला होऊ देतं. मळमळ, उलटी तरीही राहतेच. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एम-४ वरच काम करणारं दुसरं एक औषध चाचणीत खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, त्यामुळे आताच पेढे वाटायला नकोत.

"सगळं रसायनच, तर घरच्यांनी काय करायचं?"

जिन्यावर लोंढा का सुटतो, याचं उत्तर फक्त जनुकांत नाही. लहानपणी सोसलेलं, देशांतर, शहरात वाढणं, गांजा, या सगळ्यांनी धोका वाढतो हे वारंवार दिसलंय. ताणाने डोपामिन सुटतं. घरात सतत टोचून बोललं जात असेल तर आजार लवकर उलटतो, हे लंडनमध्ये दिसलं तसं १९८० च्या दशकात चंडीगडच्या अभ्यासातही दिसलं. चंडीगडच्या घरांत टोचणं मुळातच कमी होतं. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं असताना शांतपणे बोला म्हणणं सोपं आहे, मला माहीत आहे. बोलायला कुणीच नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं.

काकूंना त्या दिवशी मी पंधरा गोळ्या कापून दिल्या नाहीत. आधी डॉक्टरांना भेटा म्हटलं. त्या थोड्या रागावूनच गेल्या. परवा चिठ्ठी घेऊन आल्या तेव्हा कळलं, व्हॉट्सॲप हे निमित्त होतं. पोरगा दुपारी गोदामात पेंगायचा, मुकादमाने दोनदा घरी बसवायची धमकी दिली होती. चार वर्षांत हे त्यांनी डॉक्टरांना पहिल्यांदा सांगितलं. मीही कधी विचारलं नव्हतं.

डोस तोच होता. फक्त सकाळची गोळी रात्रीच्या जेवणानंतर गेली होती. मी तीस मोजून दिल्या.